ऐकू न येणाऱ्या बाईचे व्यसन

गुजरातमध्ये दारूबंदी, मग आपल्या सुरतेत बायकांच्या व्यसनाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण बंदीने दारू संपली नाही, ती लपून प्यायली जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात दारू घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के आढळले. स्त्रियांचा आकडा लहान, म्हणूनच घरच्या बाईवर कुणाचा संशय जात नाही.

त्यात तिला ऐकू कमी येत असेल तर? हळदीकुंकवाला सगळ्या हसतात, ही विचारते, "काय झालं?" उत्तर मिळते, "काही नाही गं, नंतर सांगते." ते 'नंतर' कधी येत नाही. हळूहळू ती माणसांत जाणेच सोडते. बहिरेपणामुळे कुणी व्यसनी होत नाही, पण असा एकटेपणा व्यसनाला वाट करून देतो.

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते. त्यामुळे तेवढीच दारू तिला पुरुषापेक्षा जास्त बाधते. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणाही कानाच्या आतच असते. म्हणून तोल जाणे हे कानाच्या दुखण्याचे लक्षण असू शकते आणि दारूचेही. घरी तर्क लढवण्यापेक्षा कानाचे आणि मनोविकाराचे, दोन्ही डॉक्टर गाठावेत. चोरट्या दारूचा धोका वेगळाच. जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात मिथेनॉलने चाळीसहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉल दृष्टीही घेते, आणि ओठ वाचून समजून घेणाऱ्या बाईचे कान म्हणजे तिचे डोळेच.

उपचार आहेत. पुण्यात १९८६ मध्ये अवचट दांपत्याने सुरू केलेले मुक्तांगण आपल्याला ठाऊक आहे. पण व्यसनमुक्तीचे काम बरेचसे बोलण्यातून चालते : समुपदेशन, गटसभा, एकमेकांचे अनुभव. जिला हे ऐकूच येत नाही, ती गप्प बसते आणि 'सहकार्य करत नाही' असा शिक्का बसतो. म्हणून दाखल करण्याआधीच केंद्राला विचारा : समोर तोंड करून, एकेकाने बोलतील का? मुद्दे लिहून देतील का? गरज पडल्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावता येईल का? नवऱ्याला किंवा मुलाला दुभाषी करू नका. त्यांच्यासमोर ती मनातले सांगणार नाही.

रोज पिणाऱ्या बाईची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे. पण ऐकू न येणारी बाई फोनवर बोलणार कशी? तो फोन तिला विचारून आपण लावायचा आणि पलीकडून काय सांगितले ते तिथल्या तिथे तिला लिहून दाखवायचे. नंतर नव्हे.