गोधडी : हौस आणि मजुरी



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की श्रोते बोनस, महागाई, संप अशा शब्दांची वाट पाहतात. मी आज गोधडीवर बोलणार आहे. चालकांनी विषय ऐकला तेव्हा तेही क्षणभर थांबले होते. मी काही विद्वान नव्हे. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण कांड्या भरता भरता आणि रात्री वाचनालयात झाले. परंतु ज्या वस्तूखाली मी जन्मापासून झोपलो, तिच्याविषयी थोडे बोलण्याचा हक्क मला असावा.

माझे वडील मुंबईत लालबागच्या बाजूला एका गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आमच्यासारखी हजारो घरे हळूहळू गावाकडे परतली. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. खोलीतले सामान एका ट्रंकेत आणि दोन वाकळींत मावले. आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. त्या दोन वाकळींत काय बांधले होते ते मला आठवत नाही. पण वाकळी आठवतात. त्यांतली एक अजून घरात आहे.

आता गोधडी कशी होते ते सांगतो. इथल्या भगिनींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, पण पुरुषमंडळींपैकी किती जणांनी ती होताना शेवटपर्यंत पाहिली आहे? मीही वयाच्या पन्नाशीपर्यंत पाहिली नव्हती. घरातली बाई दुपारी काही तरी शिवत बसलेली असते, एवढेच आपल्याला माहीत.

गोधडीचा कच्चा माल म्हणजे जुनेर. नवे कापड चालत नाही. नव्या कापडात खळ असते, सुई अडते, आणि पहिल्या धुण्यात कापड आटले की सगळी गोधडी सुरकुतते. पाच-सहा वर्षे नेसून, धुऊन, उन्हात वाळून जे सुती लुगडे मऊ झाले तेच गोधडीला योग्य. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे सहा फुटांचे चार थर पडतात आणि तीन फुटांचा तुकडा उरतो. तो उरलेला तुकडा तान्ह्याच्या दुपट्याला जातो. मधल्या थरांत धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, फाटके परकर, काहीही चालते. फक्त शिवणीच्या जाड कडा कापून काढाव्या लागतात, नाहीतर झोपणाऱ्याच्या बरगडीला टोचतात. सारवलेल्या किंवा पुसलेल्या जमिनीवर थर पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या, आणि मोठाले कच्चे टाके घालून सगळे एकत्र धरायचे. मग खरी शिवण सुरू होते. ती म्हणजे धावदोरा. याहून साधा टाका शिवणकामात नाही.

ऊब कशाने येते? कापडाच्या जाडीने येते असे मी समजत होतो. ते अर्धेच खरे. थरांच्या मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. टाके फार दूर पडले तर आतल्या चिंध्या धुताना सरकून एका बाजूला गोळा होतात. फार जवळ पडले तर थर दाबले जाऊन गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. म्हणून साधारण अर्ध्या इंचावर एक ओळ, हे माप बायकांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय ठरवले. त्याची परीक्षा नवरात्राच्या आधी होते. घट बसण्यापूर्वी घरातले सारे अंथरूण-पांघरूण नदीवर जाते. ओली वाकळ दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची असते. ती पिळताना जी उसवत नाही, ती गोधडी.

हे जुने आहे, फार जुने. संस्कृतात कंथा शब्द आहे, त्याचा अर्थ ठिगळांचे वस्त्र. बंगालची कांथा त्याच घराण्यातली. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून करतात, आणि मगध देशातली भातखाचरे पाहून बुद्धाने आनंदाला त्या आखणीचे चीवर करायला सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. बिहारात सुजनी आहे, सिंधकडे रल्ली आहे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानातले सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि ज्यांच्या बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली आहे, त्यांच्या बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि एकेक तुकडा दुमडून टाचत, चारही बाजूंनी फिरत मध्याकडे येतात. शेवटी चार कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले लावतात. फुलांशिवाय कवंदी म्हणजे उघडी-नागडी, असे त्या मानतात. गरिबाच्या पांघरुणालासुद्धा लाज आणि शोभा आहे, हे मला त्यातून कळले.

असो. आता माझ्या घरी येतो.

मुलगा नोकरीला लागला, मुलगी सासरी गेली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीला गोधडीचा नाद लागला. नाद हाच शब्द बरोबर आहे, कारण पांघरुणाची गरज नव्हती. दुपारची भांडी झाली की ती पंख्याखाली बसते, तास-दोन तास शिवते आणि चहाची वेळ झाली की सुई कापडात खोचून उठते. मांजर तेवढ्यात गोधडीच्या मधोमध येऊन बसते. नातीला दुपटे झाले. मुलाच्या शाळेच्या गणवेशाची एक गोधडी झाली, खाकी आणि पांढरी, तीवर एका खिशाचे बटण अजून तसेच आहे. शिवणयंत्राला झाकण झाले, माझ्या डब्याला पिशवी झाली. ती पिशवी घेऊन मी मालकांशी वाटाघाटीला जातो, आणि एका मालकाने ती विकत मागितली होती.

जुनेर मात्र आता मिळत नाही. घरात सुती लुगडे नेसणारी शेवटची बाई माझी आई. कृत्रिम धाग्याच्या साडीवर सुई घसरते, घाम टिपला जात नाही, थर एकमेकांवर सरकतात. म्हणून आमच्या यंत्रमागाच्या गावात किलोवर विकत मिळणारी सुती चिंधी ती आणते आणि नवेपण जावे म्हणून तीनदा गरम पाण्यातून काढते.

माझ्या डोक्यात हिशेबाचा किडा आहे. यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. आयुष्यभर मी पिके मोजून मजुरी मागितली. एका दुपारी मी घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसलो. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी. अर्ध्या इंचावर ओळ, म्हणजे ९६ ओळी. प्रत्येक ओळ ७२ इंचांची, इंचाला चार टाके. एकूण २७,६४८ टाके. दोऱ्याची वाट पावणेदोनशे मीटर. तिचा वेग मिनिटाला सरासरी अठरा टाके, म्हणजे नुसत्या शिवणीला साडेपंचवीस तास. थर लावणे, कडा दुमडणे धरून तीस तास.

हा आकडा मी मोठ्या अभिमानाने तिला सांगितला. ती म्हणाली, "आज टाके मोजलेत, उद्या माझी झोपही मोजाल. मी काय तुमच्या मागावर आहे?" आणि दोन दिवस तिने सुई हातात धरली नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटते, तिचे बरोबर होते. ज्या कामाची घाई नाही, ज्यावर कोणाची देखरेख नाही, असे तिच्या आयुष्यातले ते पहिलेच काम होते, आणि मी त्यावर घड्याळ लावले.

पण तो हिशेब फुकट गेला नाही. गेला असता तर बरे, असेही कधी वाटते. त्याच वर्षी एक व्यापारी आमच्या गल्लीत आला. शहरातल्या दुकानांना हाताच्या गोधड्या हव्या होत्या. चिंधी तो देणार, दोरा बाईने घालायचा, एका गोधडीला सहाशे रुपये. गल्लीतल्या चौदा जणींनी गठ्ठे घेतले. आमच्या घरातून कोणी घेतला नाही. सौभाग्यवती म्हणाली, हौस ती हौस. मी मात्र तीस तासांनी सहाशेला भागले. ताशी वीस रुपये आले. मी बायकांची बैठक घेतली, टाक्यांचा हिशेब फळ्यावर मांडला. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात तुकड्यावरच्या कामालाही किमान दर ठरवण्याची तरतूद होती, हे सांगितले, आणि बाराशेची मागणी केली. व्यापारी हसतमुखाने ऐकून गेला. चार दिवसांनी टेम्पो आला, गठ्ठे उचलले आणि पलीकडच्या वस्तीत उतरवले. तिथे सहाशेतच काम सुरू झाले.

एक म्हातारी माझ्या दारात येऊन म्हणाली, "हे काय केलासा भाऊ? आमचं सहाशे गेलं की."

मी तिला उत्तर दिले नाही. चूक कुठे झाली हे मला पुष्कळ दिवसांनी समजले. कारखान्यात आपण काम थांबवले की मालकाचा माग थांबतो, त्याच्या पैशाला गंज चढतो. घरकामात व्यापाऱ्याचे काहीच थांबत नाही. जागा बाईची, दिवा बाईचा, सुई-दोरा बाईचा. त्याची फक्त चिंधी, आणि ती टेम्पोत मावते. संपाचे हत्यार जिथे लागू पडत नाही तिथे ते मी उगारले, आणि ते माझ्या हातात न बसता त्या बायकांच्या हातात बसले.

हा धडा माझ्या आधी दुसऱ्यांनी घेतला होता. अहमदाबादेत दर्यापूर भागात मुसलमान बायका गिरण्यांची चिंधी जोडून गोधडीच्या खोळी शिवत. यंत्र त्यांचे, दोरा त्यांचा, दर व्यापाऱ्याचा. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या बायकांची संघटना स्थापन केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस ह्या चिंधीवाल्या तिच्यात एकवटल्या. दर मागताच व्यापाऱ्यांनी काम बंद केले, अगदी आमच्यासारखेच. तेव्हा त्या बायकांनी एक निराळी गोष्ट केली: चिंधी थेट गिरण्यांकडून मिळवली. पुढे त्यांची सबीना नावाची सहकारी संस्था उभी राहिली. १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला, त्यामागे ह्या संघटनेची खटपट होती.

अमेरिकेत अलाबामा संस्थानात नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांचे वंशज तिथे राहतात. त्यांच्या बायका शेतावरच्या झिजलेल्या पाटलोणींच्या, पोत्यांच्या गोधड्या करीत. काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे जाऊ लागले तेव्हा, १९६२ मध्ये, तिथली नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. मतासाठी पुढे आलेल्यांना जमिनीवरून हुसकले गेले. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली, आणि संस्थेने घेतलेल्या जमिनीतून हुसकलेल्या कुटुंबांना घरासाठी जागा मिळाल्या. पुढे सीअर्स ह्या मोठ्या दुकानाचे उशांच्या अभ्ऱ्यांचे काम आले. पैसा येऊ लागला, पण अभ्रे सारे एकसारखे हवेत. ज्या हाताची एक गोधडी दुसरीसारखी नसे, तो हात आता एकाच मापाचे तुकडे शिवू लागला. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या, त्या अभ्ऱ्यांच्या कामातल्या नव्हत्या. घरात पांघरण्यासाठी केलेल्या होत्या.

आमच्या गल्लीतल्या चौदांपैकी सहा जणी आता मिळून चिंधी आणतात. चिंधी आणि दोरा यांना तीनशे रुपये पडतात, गोधडी कधी अठराशेला जाते, कधी महिनाभर जात नाही. गेली तर ताशी पन्नास रुपये सुटतात. हे पुरेसे नाही, मी त्यांना तसे सांगतो, आणि त्या मला म्हणतात, भाऊ, तुम्ही आता थोडे गप्प बसा. ती म्हातारी त्या सहांत नाही. तिचे डोळे गेले आहेत.

गेल्या नवरात्राआधी आईची जुनी वाकळ धुवायला काढली आणि एका कडेला उसवली. दुरुस्तीसाठी सौभाग्यवतीने ती कड उलगडली. वरच्या लुगड्याखाली आणखी एक लुगडे निघाले. वाकळ विरली की आई वरून नवा थर चढवीत असे, जुनी कधी टाकत नसे. त्याच्याखाली खरखरीत पांढरे कापड होते, वडिलांच्या गिरणीतला फेंट, कडेवर शाईचा अर्धवट शिक्का. मी तो वाचायचा पुष्कळ प्रयत्न केला. अक्षरे लागली नाहीत. सौभाग्यवतीने तो थर होता तसा आत ठेवला, वर आईच्या शेवटच्या लुगड्याचा पदर पसरला आणि कडेपासून धावदोरा सुरू केला. यावेळी घड्याळ मी बाहेरच्या खोलीत ठेवले होते. सुईत दोरा ओवून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्याला मला चष्मा लागतो आणि वेळही फार लागतो.