दूरस्थ सर्व्हरची रॅम : नामवाचनाचा प्रश्न

बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा किंवा ग्रंथपाठांचा मोठा संग्रह ज्या विभागाजवळ आहे, त्याचा सर्व्हर आता बहुधा विभागाच्या इमारतीत नसतो; तो दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये कुलूपबंद कपाटात असतो. शब्दवारंवारतेची गणना मध्यरात्री अर्ध्यावर बंद पडू लागली आणि यंत्राच्या नोंदींत मेमरी संपल्याचे कारण दिसू लागले, म्हणजे रॅम वाढविण्याचा विचार सुरू होतो. (रॅमला ‘स्मृती’ म्हणावे असे सुचविले जाते, परंतु विक्रेत्यापाशी तो शब्द चालत नाही, म्हणून येथे रॅम हाच शब्द ठेवला आहे.) अशा वेळी अयोग्य पट्टी पाठविली गेली, तर ती बसविण्यासाठी बंद केलेले यंत्र पुन्हा सुरूच होत नाही, आणि तेवढा काळ सारा संग्रह अभ्यासकांना दुरावतो. तेव्हा यंत्र न उघडता त्यातील पट्टी ओळखता येते काय, हे पाहावयाचे आहे.

ते येते. लिनक्स प्रणालीवर ‘डीएमआयडीकोड’ हा आदेश प्रशासकाच्या अधिकाराने दिला असता यंत्र आपल्या अंतरंगाचे वर्णन स्वतःच करते. स्लॉट किती, भरलेले कोणते, प्रत्येकातील पट्टीची क्षमता, वेग, निर्माता व भाग क्रमांक, हे सर्व त्यात येते. मात्र सर्व्हर जर भाड्याचा आभासी सर्व्हर असेल, तर हे वर्णन प्रत्यक्ष पट्ट्यांचे नसते व त्यावरून काही खरेदी करणे व्यर्थ होय. आणखी एक सावधगिरी अशी की, कमाल क्षमतेचा जो आकडा या अहवालात असतो तो पुष्कळदा चुकीचा भरलेला असतो. त्याबाबत निर्मात्याची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

खरी अडचण पुढेच आहे. पट्टीचे नाव हे एक सामासिक पद आहे आणि ते अवयवशः वाचावे लागते. पट्टीवरील चिठ्ठीवर ‘१६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आरए१’ अशा प्रकारचा मजकूर असतो (रोमन अक्षरे येथे नागरीत उतरविली आहेत). पहिला अवयव क्षमतेचा. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४ ही पिढी. ‘२४००’ हा वेग, सेकंदाला इतकी दशलक्ष हस्तांतरणे. त्याला लागलेला ‘टी’ हा प्रतिसादास लागणाऱ्या विलंबाची श्रेणी सांगतो. शेवटचा ‘ए१’ हा पट्टीच्या मुद्रित फलकाच्या आराखड्याचा निर्देश असून ग्राहकास त्याचे फारसे कारण नाही.

आता ‘आर’ पाहावा. वरील नावात तो दोनदा आला आहे. ‘२आरएक्स४’ मध्ये तो ‘रँक’चा, म्हणजे पट्टीवरील चिपांच्या दोन गटांचा वाचक आहे (‘एक्स४’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ४ बिट देते). शेवटच्या संयोगचिन्हानंतरचा ‘आर’ मात्र ‘रजिस्टर्ड’चा. शिवाय काही पट्ट्यांवर ‘२४००आर’ असे असते. तेथे तो ‘टी’प्रमाणेच विलंबश्रेणीचा असतो. एकच अक्षर, तीन स्थाने, तीन अर्थ. ‘घरात’ मधील ‘त’ अधिकरण दाखवितो व ‘बसत’ मधील ‘त’ क्रियेचे चालूपण, तसाच हा प्रकार. अर्थ अक्षरात नसून स्थानात आहे, हे ज्यास ठाऊक नाही तो ‘२४००आर’ पाहून पट्टी रजिस्टर्ड आहे असे समजण्याचा पूर्ण संभव असतो.

आणि निर्णायक अवयव हाच अंत्य प्रत्यय होय. ‘आर’ असल्यास पत्ता व आज्ञा यांचे संकेत एका मध्यस्थ रजिस्टर-चिपमधून जातात, त्यामुळे नियंत्रकावरील भार हलका होऊन अधिक पट्ट्या जोडता येतात. ‘एल’ मध्ये प्रत्यक्ष माहितीच्या रेषांनाही असा मध्यस्थ असतो. ‘ई’ मध्ये मध्यस्थ नाही, पण दोषदुरुस्तीची सोय आहे. ‘यू’ मध्ये दोन्ही नाहीत. इंटेलच्या २०१६ मधील झिऑन ई५-२६०० व्ही४ मालिकेच्या सर्व्हरना ‘आर’ किंवा ‘एल’ पट्ट्या लागतात. २०१७ मधील ई३-१२०० व्ही६ मालिकेस ‘आर’ चालतच नाही, तेथे दोषदुरुस्ती हवी तर ‘ई’ घ्यावी लागते. डीडीआर४ च्या या सर्व पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असून खाचही एकाच जागी आहे. पट्टी स्लॉटमध्ये सहज बसते, यंत्र मात्र सुरू होत नाही! विक्रेते ‘आर’ व ‘ई’ या दोहोंसही ‘ईसीसी सर्व्हर रॅम, डीडीआर४ २४००’ असे एकच नाव देतात. त्या नावात नेमका प्रत्यय गळालेला असतो.

अहवालातही हा भेद पहिल्या दृष्टीस दिसत नाही. एकूण रुंदी ७२ बिट व माहितीची ६४ बिट असेल, तर उरलेले ८ बिट दोषदुरुस्तीचे. पण हे दोन्ही प्रकारांत सारखेच. ‘टाइप डीटेल’ या सदरात ‘रजिस्टर्ड’ की ‘अनबफर्ड’ हे पाहावे, आणि भाग क्रमांकाशी ताडून घ्यावे. सॅमसंगच्या डीडीआर४ पट्ट्यांचा क्रमांक ‘एम३९३’ ने आरंभ होत असेल तर ती ‘आर’, ‘एम३८६’ ने तर ‘एल’ आणि ‘एम३९१’ ने तर ‘ई’ समजावी.

वेगाची चिंता त्या मानाने गौण आहे. अधिक वेगाची पट्टी सामान्यतः यंत्राच्या वेगाने मुकाट्याने चालते. संख्येचे मात्र तसे नाही. ई५-२६०० व्ही४ च्या प्रत्येक प्रोसेसरला ४ वाहिन्या असतात. दोन प्रोसेसर व १६ स्लॉट असलेल्या यंत्रात १६ जीबीच्या ८ पट्ट्या असतील, तर आणखी ८ घ्याव्यात. ३ किंवा ५ घेतल्यास वाहिन्यांतील समतोल बिघडतो. डेटा सेंटरच्या तंत्रज्ञास भाग क्रमांकासोबत रिकाम्या स्लॉटांची नावे अहवालात आहेत तशीच लिहून पाठवावीत. पट्ट्या बसल्यावर तोच आदेश पुन्हा द्यावा. सोळाही स्लॉटांपुढे १६ जीबी व ‘रजिस्टर्ड’ अशी नोंद दिसली, की रात्रीची गणना सुरू करण्यास हरकत नाही.