बालवाडी म्हणजे नुसती गाणी नव्हेत!

“तुला मुलं आवडतात ना, मग काढ की बालवाडी!” असं आपण बायका एकमेकींना किती सहज सांगतो! माझ्या धाकट्या जावेलाही आम्ही सगळ्यांनी हेच सांगितलं. घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. तिचा गळा गोड, आणि कुणाचंही मूल दोन मिनिटांत तिच्या पदराला चिकटायचं. पहिल्या वर्षी नऊ मुलं आली, दुसऱ्या वर्षी तेवीस, तिसऱ्या वर्षी अडतीस. आम्ही आपलं कौतुक करत होतो.

आणि एका शनिवारी चार वर्षांचा एक मुलगा बालवाडीतून नाहीसा झाला.

घाबरू नका, सापडला. त्याचा काका परगावाहून आला होता, पुतण्या दाराशी दिसला, म्हणून स्कूटरवर पुढे उभा करून घेऊन गेला. फाटकाशी मदतनीस मावशी होत्या, त्यांना त्यानं नुसता हात केला. मावशींना वाटलं, ताईंना ठाऊक असेल. आई न्यायला आली, तर मूल नाही! पुढची पस्तीस मिनिटं आमची जाऊ अनवाणी गल्ल्या धुंडाळत होती आणि बाकीची सदतीस मुलं एकट्या मावशींच्या अंगावर होती. त्या रात्री ती जेवली नाही. “वहिनी, मी बंद करते हे सगळं,” एवढंच म्हणाली.

बंद मात्र केलं नाही. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, “मुलांशी खेळायला तुला येतं. बालवाडी चालवायला येत नाही. तेही शिकायचं असतं.” त्यांच्याच सल्ल्यानं तिनं बालवाडी व्यवस्थापनाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात शिकण्यासारखं काय असतं? मलाही तसंच वाटलं होतं. पण पहिल्याच स्वाध्यायानं आम्हाला जमिनीवर बसवलं, अगदी शब्दशः! सासूबाईंच्या शिवणातली टेप घेऊन आम्ही दोघी खोल्या मोजायला बसलो. बालशिक्षणाचं राष्ट्रीय धोरण २०१३ साली आलं. त्यात तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनपेक्षा लहान असतील तर दहांमागे एक, असं प्रमाण दिलं आहे. तीस मुलांना निदान ३५ चौरस मीटरची खोली हवी, शिवाय बाहेर खेळायला जागा. आमच्या दोन्ही खोल्या मिळून भरल्या २८ चौरस मीटर! अडतीसांतली नऊ मुलं तिनाच्या आतली. म्हणजे माणसं हवीत तीन, आणि होती दोन. त्यांतलंही एक खाऊच्या वेळी स्वयंपाकघरात. मूल हरवलं ते काकामुळे नव्हे, हे त्या टेपनं सांगितलं.

पुढचा धडा जमाखर्चाचा होता. घरखर्चाची वही आपण सगळ्याच लिहितो, पण बालवाडीच्या हिशेबात हिनं स्वतःचा पगार कधी धरलाच नव्हता. खोल्यांचं भाडं नाही, वीज नाही. ते सगळं मांडल्यावर दिसलं की तीन वर्षं ती पदरमोड करत होती. मग मुलं चोवीसच घ्यायची, तिनाच्या आतली घ्यायची नाहीत आणि फी वाढवायची असं ठरलं. सहा पालकांनी मुलं काढून घेतली. एक बाई तर “शिकली आणि व्यापारी झाली,” असं भर भाजीबाजारात म्हणाल्या. ते तिला फार लागलं.

पण मला विचाराल तर खरा धडा मावशींचा होता. मूल हरवलं त्या दिवशी जाऊ त्यांच्यावर नको तेवढी ओरडली होती. अभ्यासक्रमात एक काम होतं: आठवड्यातून एकदा मदतनिसांबरोबर बसायचं, आणि सांगायचं नाही, विचारायचं. पहिले दोन शनिवार मावशी चहा पिऊन गप्प. तिसऱ्या शनिवारी म्हणाल्या, “ताई, मूल कुणाच्या हाती द्यायचं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एवढंही कळत नाही.”

आता फाटकाशी एक वही असते. प्रत्येक मुलाच्या पानावर न्यायला येणाऱ्या तिघांचे फोटो, आणि सहीशिवाय मूल मिळत नाही. एक आजोबा चिडले, “माझ्याच नातवासाठी सही?” मावशींनी शांतपणे पेन पुढे केलं.

तसं हे ज्ञान आपल्याला परकं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. कोण कुठे जाईल, साहित्य काय, वेळ कोणती, हे ठरवल्याशिवाय का ते झालं असेल?

तुमच्यापैकी कुणाला असं शिकायचं असेल, तर फी भरण्याआधी चौकशी करा. प्रमाणपत्र कोण देणार? प्रत्यक्ष बालवाडीतलं काम करून घेतात का? स्वाध्याय तपासून कुणी परत पाठवतं का? नुसत्या चित्रफिती बघून काही होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी मोबाईल आणि दूरदर्शन संचावरून शिक्षण सुचवलं आहे, बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचं आणि इतरांना एक वर्षाचं. पण तिथेही महिन्यातून निदान एकदा समोरासमोरचा वर्ग सांगितला आहे. इग्नूच्या बालशिक्षण पदविकेतही प्रकल्पाचं काम आहे. बारावी झालेली कुणीही तो अर्ज करू शकते.

आणि वेळ? तो कुणी आणून देत नाही हो. जाऊ भांडी आवरून साडेनऊला बसते. मोबाईल एकच, त्यावर चिरंजीवांचा खेळ! पहिल्या महिन्यात रोज भांडण. मग सासूबाईंनीच निकाल दिला, साडेनऊनंतर फोन आईचा. आता त्या शेजारी बसून ऐकतात आणि मध्येच म्हणतात, “हे तर मी आधीच सांगत होते.”

शेवटचा स्वाध्याय अजून बाकी आहे. ‘तुम्ही दोन दिवस नसाल, तर बालवाडी कोण आणि कशी चालवील?’ महिनाभर तिनं तो टाळला. येत्या गुरुवारी मात्र ती माहेरी निघाली आहे. मावशींनी दोन दिवसांचं वेळापत्रक स्वतः करून भिंतीला लावलं आहे. सासूबाई फाटकाशी खुर्ची टाकून बसणार म्हणतात. मला काम दिलंय खाऊचं, चोवीस मुलांच्या उपम्याचं.