ओढणारा ट्रक : गॅसोलिनचा कीं डिझेलचा?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिकअप ट्रक हें केवळ माल वाहण्याचें वाहन नाहीं. घोडे, नौका, शेतीचीं यंत्रें, किंवा सुट्टीच्या दिवसांत सारें बिऱ्हाड सामावून घेणारें चाकांवरचें घर मागें जोडून शेंकडों मैल जाण्याचा तेथें प्रघात आहे. असा ट्रक घ्यावयास निघालेल्या गृहस्थापुढें पहिलाच प्रश्न उभा राहतो : इंजिन गॅसोलिनचें घ्यावें कीं डिझेलचें? गॅसोलिन म्हणजे भारतांत ज्याला पेट्रोल म्हणतात तेंच. या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां शेजाऱ्याच्या दारांतला ट्रक पाहून दिलें जातें. वास्तविक तें ओझें किती, रस्ता कसा आणि वर्षांतले दिवस किती, या तीन गोष्टी पाहून द्यावयास हवें.

गॅसोलिनच्या इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण दाबून त्यावर ठिणगी पाडतात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगीचें काम नाहीं. तेथें दट्ट्या नुसती हवा इतकी दाबतो कीं, ती तापते आणि तींत तेलाचा फवारा पडतांच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें असें इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वी करून दाखविलें. गॅसोलिनच्या इंजिनांत हा दाब सुमारें दहापट असतो, तर डिझेलच्या इंजिनांत सोळा ते अठरापट. म्हणून उष्णतेचा अधिक भाग कामीं लागतो. शिवाय डिझेलच्या एका गॅलनांत मुळांतच उष्णता दहा टक्क्यांहून अधिक असते.

याचा परिणाम आंकड्यांत स्पष्ट दिसतो. फोर्ड कंपनीच्या २० २० सालच्या सुपर ड्यूटी ट्रकांतील ७.३ लिटरचें गॅसोलिन इंजिन ४३० अश्वशक्तीचें होतें, व ६.७ लिटरचें डिझेल इंजिन ४७५ अश्वशक्तीचें. येथें फारसा फरक नाहीं. परंतु चाकें फिरविण्याचा जोर पहिल्याचा ४७५ पौंड-फूट, तर दुसऱ्याचा १०५०. आणि तोहि मिनिटास अवघ्या १६०० फेऱ्यांवर. गॅसोलिनचें इंजिन चढावर ओरडत ओढतें, डिझेलचें शांतपणें ओढतें.

कोलोरॅडो संस्थानांतील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच आहे. तेथें हवाच विरळ. साध्या गॅसोलिन इंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें तीन टक्क्यांनीं घटते. म्हणजे बोगद्यापाशीं जवळजवळ एकतृतीयांश शक्ति गेलेली असते. डिझेल इंजिनास हवा कोंबणारा टर्बो असल्यामुळें ही घट पुष्कळशी भरून निघते. उतारावर तर फरक याहूनहि महत्त्वाचा. आधुनिक डिझेल ट्रकांत धुराचा मार्ग आवळून गाडी रोखण्याची सोय असते. त्यामुळें चाकांचे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका टळतो. डोंगराळ मुलखांत नेहमीं जड ओझें नेणाऱ्यास डिझेल घेण्याचें हें सर्वांत मोठें कारण होय.

आतां खर्चाची बाजू. भारतांत अनेक वर्षें डिझेल स्वस्त ठेवलें गेल्यामुळें ‘डिझेल म्हणजे काटकसर’ ही समजूत घरोघर रुजली. अमेरिकेंत डिझेल बहुधा गॅसोलिनपेक्षां महाग असतें, आणि डिझेल इंजिनासाठीं मूळ किंमतीवर सुमारें दहा हजार डॉलर अधिक मोजावे लागतात. समजा, ओझें ओढतांना गॅसोलिनचा ट्रक गॅलनास ८ मैल व डिझेलचा ११ मैल जातो, आणि भाव अनुक्रमें ३.२० व ३.८० डॉलर आहेत. वर्षास ५,००० मैल ओढणाऱ्याची बचत सुमारें २७० डॉलर होईल. दहा हजार वसूल होण्यास सदतीस वर्षें लागतील! वर्षास ३०,००० मैल ओढणाऱ्यास मात्र सहा वर्षें पुरतील. त्याखेरीज काजळी अडविणारी गाळणी आणि युरियाचें पाणी यांची उस्तवारी डिझेलवाल्यामागें असतेच. रोज चार मैलांच्या फेऱ्या करणाऱ्याची ती गाळणी पुरती तापत नाहीं व तुंबते.

शेवटची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. ट्रक किती ओढतो याइतकेंच तो किती पेलतो हेंहि पाहावें लागतें. ट्रकच्या पाठीवर आंकडा टेकणाऱ्या १२,००० पौंडांच्या फिरत्या घराचा सुमारें पांचवा हिस्सा, म्हणजे २,४०० पौंड, ट्रकवरच येतो. त्यांत माणसें व सामान मिळवावें. डिझेल इंजिन स्वतःच कांहीं शें पौंड जड असल्यानें तेवढी पेलण्याची शक्ति आधींच खर्ची पडते. जाहिरातींतला ओढण्याचा आंकडा डोळे दिपवितो; खरा आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत असतो. ती न वाचतां घेतलेला बलाढ्य ट्रकहि ओझ्याखालीं मागें दबतो, पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि उतारावर कुटुंबाचा जीव टांगणीला लागतो.

तात्पर्य, वर्षांतून चारदोन वेळां सपाटीवर आठदहा हजार पौंड नेणाऱ्यानें गॅसोलिनचा ट्रक घ्यावा व उरलेले पैसे चांगले ब्रेक आणि टायर यांवर खर्चावे. ज्याची भाकरीच ओझें ओढण्यावर आहे, किंवा ज्याची वाट नित्य डोंगरांतून जाते, त्यानें डिझेलचे दहा हजार खुशाल मोजावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें पैशाइतकीच वजनासहि लागू आहे.