मर्यादित निवृत्तिवेतन आणि आदिलाबादचा प्रवास

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४पासून दरमहा १,००० रुपयांवरच थांबलेले असल्यामुळे, त्यावर जगणाऱ्या वृद्धांचा प्रवास प्रामुख्याने सवलतींच्या बळावर होतो. आदिलाबाद जिल्ह्यात ही गोष्ट विशेष जाणवते, कारण पैनगंगा ओलांडताच राज्य बदलते आणि राज्याबरोबर सवलतही बदलते. तेलंगणाच्या महालक्ष्मी योजनेखाली ९ डिसेंबर २०२३पासून राज्यातील रहिवासी महिलांना परिवहन महामंडळाच्या ‘पल्ले वेलुगु’, म्हणजे गावोगावी थांबणाऱ्या साध्या गाड्यांत आणि एक्सप्रेस गाड्यांत भाडे पडत नाही. त्यामुळे निर्मलमार्गे बासरच्या सरस्वतीचे दर्शन किंवा कुंटाला धबधब्याच्या वाटेवरील बसप्रवास आजीबाईंना विनामूल्य घडतो, मात्र माहूरच्या रेणुकेकडे निघाल्यास ही सवलत सीमेपर्यंतच चालते. महाराष्ट्राने २०२२पासून ७५ वर्षांवरील आपल्या ज्येष्ठांना, स्त्री असो वा पुरुष, एसटी मोफत केली. तेलंगणाच्या योजनेत वृद्ध पुरुषांना स्थान नाही, ही उणीव खरोखर बोचणारी आहे.

रेल्वेने मार्च २०२०मध्ये ज्येष्ठांची सवलत (पुरुषांना ४० टक्के, स्त्रियांना ५० टक्के) थांबवली. ती परत मिळायलाच हवी. खालच्या बर्थचा राखीव कोटा तेवढा टिकून आहे. तिरुपतीपर्यंत जाणाऱ्या कृष्णा एक्सप्रेसने बासरही गाठता येते, आणि सुट्ट्यांची गर्दी टाळून स्लीपर वर्गाचे आरक्षण आधीच केल्यास लांबचा प्रवासही आवाक्यात येतो.