कर्ज फिटले, गहाण सुटले नाही

सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर या नीरेच्या पाण्यावर पोसलेल्या भागातील बागाईतदारास व आडत्यास खरेदीखत, गहाणखत आणि खंडपट्टा यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु हेच व्यवहार दोन राज्यांत झाले, आणि त्यांतील एक सबळ व एक दुर्बळ असले, म्हणजे या भेदांची काय अवस्था होते, हे आमच्या वाचकांस पाहावयाचे असेल तर त्यांनी वऱ्हाडच्या दप्तराकडे वळावे.

मुलूख विकत घेण्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अलास्काचे होय. १८६७ च्या मार्चमध्ये रशियाने उत्तरेकडील तो अफाट बर्फाळ प्रदेश अमेरिकेस ७२ लक्ष डॉलरांस विकला. एकरी भाव पडला अवघा दोन सेंट. क्रिमियाच्या युद्धाने रशियाचा खजिना खालावला होता आणि पुढेमागे इंग्रज तो मुलूख कॅनडाच्या बाजूने फुकटच घेतील, ही धास्ती होती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सेवर्ड घेण्यास उतावीळ होते. तेथील मूळ रहिवाशांस कोणी विचारले नाही, हा दोष लहान नव्हे. तथापि विकणारा राजी होता, आणि खरेदीस खरेदीच म्हटले गेले.

निजामाच्या राज्याचा उत्तर भाग, म्हणजे सुमारे १७,७०० चौरस मैलांचा वऱ्हाड, इंग्रजांकडे गेला तो मात्र निराळ्याच वाटेने. हैदराबादेत ‘कंटिंजंट’ नावाची फौज असे. तिचे अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर नव्हते. खुद्द लॉर्ड डलहौसीनेही ते मान्य केले होते. तरी पगार थकू लागला तसा कंपनी सरकारने तो आपल्या खजिन्यातून भरून निजामाच्या नावे लिहिला. ज्याने चाकर लादला त्यानेच चाकराच्या पगाराचे कर्ज काढून द्यावे, असा हा हिशेब! बाकी ५० लक्षांच्या घरात गेली, आणि मे १८५३ मध्ये रेसिडेंट कर्नल लो याने नासिरुद्दौला निजामाकडून तह करून घेतला. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी लावून देण्यात आले. हिशेब दाखवावा व शिल्लक निजामास द्यावी, असे ठरले.

पुढील प्रकार व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिला, म्हणून १८६० च्या तहाने ते ५० लक्षांचे कर्ज माफ झाले. नळदुर्ग व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र ठेवून घेतला, आणि हिशेब मागण्याचा हक्कही निजामास सोडावा लागला. कर्ज फिटले, गहाण सुटले नाही! कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची. पुढील वर्षीच अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि अमरावती-खामगावच्या बाजारांकडे विलायतेच्या गिरण्यांचे डोळे लागले. दिवाण सालारजंग यांनी फौजेच्या खर्चाइतके व्याज देईल एवढी रोख रक्कम अनामत ठेवण्याची तयारी दाखविली, १८७६ मध्ये ते विलायतेसही गेले. उपयोग झाला नाही.

अखेर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हैदराबादेस जाऊन मीर महबूब अली खान निजामाची गाठ घेतली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वऱ्हाड वर्षास २५ लक्ष रुपयांच्या खंडाने कायमच्या पट्ट्यावर गेला. आरंभी त्या खंडातूनही कर्जाचे हप्ते वळते होत. ‘कायमचा पट्टा’ ही शब्दयोजना आम्हांस मोठी चतुर वाटते: विक्री म्हणावे तर किंमत द्यावी लागते, आणि खंड म्हणावे तर मुदत लिहावी लागते. इंग्रजांस किंमत करता येत नव्हती असे नाही. १८२३ मध्ये त्यांनी ‘उत्तर सरकार’ प्रांताची ७ लक्षांची वार्षिक पेशकश निजामाकडून १ कोटी १६ लक्ष ६६ हजारांस कायमची सोडवून घेतली होती, म्हणजे शेकडा ६ चा दर झाला. त्याच दराने २५ लक्षांच्या खंडाचे भांडवल ४ कोटी १६ लक्षांवर जाते. ते मोजावे लागले नाही, आणि कापसाचा भाव कितीही चढला तरी खंड वाढणार नव्हता.

या पन्नास वर्षांत वऱ्हाडच्या रयतेचे मत कोणत्याही कागदावर घेतलेले नाही. १ ऑक्टोबर १९०३ पासून तिला मध्यप्रांतास जोडले. १९३६ मध्ये नवा करार झाला, तेव्हा निजामाचे स्वामित्व नावापुरते मान्य करून त्याच्या युवराजास ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ हा किताब दिला. कारभार होता तेथेच राहिला. अलास्कातील मूळ रहिवाशांस १९७१ मध्ये कायद्याने ४ कोटी ४० लक्ष एकर जमीन व सुमारे ९६ कोटी डॉलर मिळाले. वऱ्हाडातील कुणब्यास त्या खंडातील एक पैही कधी मिळाली नाही. तो आपला सारा भरीत राहिला.