धूळघाटचा चढ आणि टर्बोचा दम

हिवरखेड म्हटलं की वऱ्हाडात आधी विचारतात, कोणतं? मोर्शीकडचं की तेल्हाऱ्याचं? हा लेख तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचा आहे, कारण अकोला–खांडवा मीटरगेज रेल्वे तिथून जायची. अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड, वाणरोड, आणि मग सपाटी संपून सातपुडा. पुढे धूळघाटला चढ एवढा की रूळ मोठा वळसा घालून पुलावरून स्वतःलाच ओलांडत वर जायचा, अगदी मराठी ४ काढल्यासारखा. भारतात असे फिरते चढ बोटांवर मोजण्याइतके. दार्जिलिंगचा बतासिया सगळ्यांना ठाऊक, धूळघाट मात्र रेल्वेवेड्यांनाच.

जागतिक मोटार रॅलीतल्या टर्बो गाड्यांची ताकद आणि टॉर्क यांवर लिहायला बसलं, तर फिनलंडच्या जंगलात किंवा मॉन्टे कार्लोच्या बर्फात जायची प्रथा आहे. आपल्याकडे नाशिकजवळ रॅली ऑफ महाराष्ट्र झाली आहे, पुण्याचे संजय टकले एशिया-पॅसिफिक मालिकेत उतरले आहेत, आणि हिमालयन रॅलीची मुहूर्तमेढ १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी रोवली. पण टर्बो इंजिनाचा स्वभाव ज्याला उघड्या डोळ्यांनी बघायचा होता, त्याचं हिवरखेडच्या फलाटावर उभं राहूनही भागत होतं.

या मार्गावर वाफेच्या इंजिनांनंतर वायडीएम-४ जातीची डिझेल इंजिनं आली. मूळ आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आयात झाली आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. एका ओळीत सहा सिलिंडर, वर टर्बोचार्जर, ताकद १४०० हॉर्सपॉवर, वजन ७२ टन. ड्रायव्हरच्या हाताशी जोराच्या आठ पायऱ्या, म्हणजे नॉच. गाडी सुटताना त्याने नॉच चढवला की धुराड्यातून काळाकुट्ट लोट उठायचा आणि काही क्षणांनी विरळ व्हायचा. पाहणाऱ्यांना वाटायचं इंजिन खराब आहे. खरं तर तो टर्बोचा उशीर होता.

टर्बोचं चाक सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून त्याच आकाराच्या सिलिंडरमधून जास्त जोर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. पण यात एक गोम आहे: हवा वाढवायला आधी वायू वाढला पाहिजे, आणि वायू वाढायला आधी हवा. नॉच चढवताच डिझेल लगेच वाढतं; टर्बोचं चाक मात्र अजून जुन्याच वेगात असतं. हवा अपुरी, डिझेल अर्धवट जळतं, काजळी बाहेर पडते. चाकाने वेग घेतला की धूर निवळतो.

आता आकड्यांकडे. टॉर्क म्हणजे दांड्याला पीळ देणारा जोर. पॉवर म्हणजे तो पीळ किती भराभर दिला जातो. १४०० हॉर्सपॉवर मिनिटाला हजार-अकराशे फेऱ्यांवर मिळते असं धरलं, तर पीळ नऊ ते दहा हजार न्यूटन-मीटर निघतो. रॅलीची गाडी ३०० हॉर्सपॉवरची, पण फेऱ्या चार हजारांच्या आसपास. तिचा पीळ पाच-साडेपाचशेच्या घरात. म्हणून 'टॉर्क जास्त तो बलवान' हे पारावरचं वाक्य अर्धंच खरं. गिअर लावून पीळ हवा तेवढा वाढवता येतो, वेग तेवढाच घटतो. चाकाशी शेवटी पोचते ती पॉवर.

वायडीएम-४ ला तर तसे गिअरही नव्हते. इंजिन जनित्र फिरवायचं, जनित्राची वीज सहा मोटरींना मिळायची, आणि या मोटरी उभ्या जागी सर्वांत जास्त ओढतात. चाक न घसरता ओढ जास्तीत जास्त एकोणीस टनांच्या आसपास. चाकांपाशी समजा ८०० किलोवॉट पोचतात. मग पूर्ण ओढ टिकते ती फक्त ताशी पंधरा किलोमीटरपर्यंत. त्यापुढे वेग वाढेल तशी ओढ उतरते. घाटातल्या गाडीला आठ टन ओढ पुरत असेल, तर ती ताशी ३५ ते ३७ च्या पुढे जाणारच नाही. गाडी घाटात 'दमते' ती अशी.

रॅलीत हेच गणित उलट्या बाजूने सोडवावं लागलं. ऑडी क्वाट्रोने १९८१ पासून चारही चाकांना जोर आणि टर्बो यांची जोडी जमवली आणि बाकीच्यांची झोप उडवली. ताकदीची चढाओढ इतकी वाढली की मे १९८६ मध्ये कोर्सिकाच्या रॅलीत चालक हेन्री तोइवोनेन आणि सहचालक सर्जो क्रेस्तो अपघातात गेले, आणि या गाड्यांचा 'ग्रुप बी' वर्ग बंद झाला. नंतर नियम आला हवेवर: टर्बोच्या तोंडाशी ठरावीक मापाचं भोक, १९९५ मध्ये ३४ मिलिमीटर. एवढ्याशा भोकातून हवा आवाजाच्या वेगाला पोचली की पुढे कितीही ओढा, वाढत नाही. सेकंदाला जेमतेम ०.२ किलो हवा. तेवढ्या हवेत जेवढं पेट्रोल जळेल, त्यातून ३०० हॉर्सपॉवरच्या जरा वर काहीच निघत नाही.

अभियंत्यांनी मग कमाल ताकदीच्या शिखराचा नाद सोडला. चार हजार फेऱ्यांवर पूर्ण हवा वापरायची आणि तिथेच जोर काढायचा. फेऱ्या वाढल्या तर पीळ घटला तरी चालेल, कारण पॉवर तीच. परिणाम असा की टर्बो नसलेलं दोन लिटरचं इंजिन जिथे दोनशेच्या आत-बाहेर न्यूटन-मीटर देतं, तिथे रॅलीचं इंजिन पाचशेच्या वर गेलं. खडी, चिखल, अचानक वळण, सारखं ब्रेक आणि सारखं ॲक्सिलरेटर. अशा रस्त्यावर ड्रायव्हरला हवा असतो तो पसरट, हाताशी असलेला जोर. माझ्या मते माहितीपत्रकातल्या कमाल हॉर्सपॉवरला वाचकाने जरा कमीच भाव द्यावा. जोर किती फेऱ्यांपासून किती फेऱ्यांपर्यंत टिकतो आणि पाय दाबल्यावर किती वेळात येतो, हे आधी विचारावं. ट्रॅक्टरवालेही 'लोड घेतं का' हेच विचारतात.

त्या भोकाची महती एवढी की १९९५ मध्येच टोयोटाने आपल्या सेलिका गाडीच्या टर्बोत फसवणूक केली. जोडणीचा पट्टा आवळला की भोकाचा भाग किंचित सरकायचा आणि हवेला आडवाट मिळायची. उलगडून तपासलं की सगळं जागेवर. जागतिक मोटार-स्पर्धा संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीही त्या युक्तीची तारीफ केली आणि टोयोटाला १२ महिने बाहेर बसवलं.

उशिरावरही उपाय निघाला. ड्रायव्हरने पाय उचलला तरी ठिणगी मुद्दाम उशिरा पाडायची, म्हणजे पेट्रोल बाहेरच्या नळीत पेटतं आणि टर्बोचं चाक फिरत राहतं. रॅलीत ऐकू येणारे बार ते हेच. चाक आणि नळ्या लाल होतात, टर्बोचं आयुष्य कमी होतं. धूळघाट चढणाऱ्या इंजिनाला ही चैन परवडली नसती. त्याला वर्षानुवर्षं रोज चालायचं होतं. २०२२ मध्ये रॅली-१ वर्गाच्या गाड्यांत १०० किलोवॉटची विजेची मोटर बसली, जी टर्बो जागा होईपर्यंत लगेच जोर द्यायची. २०२५ पासून खर्च आणि वजनापायी तीही काढली. मीटरगेजच्या डिझेलात मोटर होतीच, पण वीज त्याच इंजिनाकडून यायची, म्हणून धूर टळला नाही.

२०१७ च्या सुरुवातीला गेज बदलासाठी हा मार्ग बंद झाला. अकोला ते अकोट ब्रॉडगेज २०२२ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. पुढचा तुकडा मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून जात असल्याने अडला. २०२० मध्ये राज्य सरकारने केंद्राला वळणाचा मार्ग घ्यायला सांगितलं, जो हिवरखेड, सोनाळा, जामोद असा सपाटीकडून जातो. तो झाला, तर हिवरखेडला गाडी येईल, धूळघाटचा फेरा मात्र वाट्याला येणार नाही.